न घेतलेला बेस

'हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये' हे आपल्याला लहानपणापासून ऐकवलं जातं. घरी ऐकवतात, शाळेत ऐकवतात, आणि बारावीच्या वर्षात तर हे वाक्य फ्रेम करून भिंतीवर लावायचंच काय ते बाकी असतं! पण मित्रमैत्रिणींनो, एक खेळ असा आहे की ज्यात हातचं सोडल्याशिवाय रन मिळतच नाही. हातातला बेस सोडायचा, मोकळ्या मैदानात उतरायचं आणि पुढचा बेस गाठायचा. असं करत करत घरी, म्हणजे होमवर परत यायचं, तेव्हा कुठे फळ्यावर एक रन चढतो. हा खेळ म्हणजे सॉफ्टबॉल. आणि माझी तक्रार अशी की आपल्या कॉलेजात (आणि जिथे जिथे आम्ही खेळायला गेलो, तिथल्या बहुतेक कॉलेजांत) मुलींना चेंडू मारायला शिकवतात, झेलायला शिकवतात, फेकायला शिकवतात. पळायला मात्र कोणी शिकवत नाही. त्याहून वाईट म्हणजे, न पळायला शिकवतात.

मी गेली तीन वर्षं आपल्या मुलींच्या संघात सेकंड बेसला उभी असते. हॉस्टेलमध्ये आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, 'सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलच ना?' आणि दुसरा, जरा डोळा मिचकावून, 'ते सर्टिफिकेटवालं ना?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे देत नाही. जळगाव, अमरावतीकडच्या ज्या मुली शाळेपासून हा खेळ जीव तोडून खेळल्या आहेत, त्यांनाच एकदा मैदानावर विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र द्यायला हवं, कारण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे.

सॉफ्टबॉलचा जन्म 1887 साली शिकागोत, तोही बंद हॉलमध्ये झाला. एका बॉक्सिंग ग्लोव्हची दोरीने घट्ट गुंडाळी करून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट! सुरुवातच अशी जुगाडाची असल्यामुळे हा खेळ इंजिनिअरिंगवाल्यांना जवळचा वाटायला हरकत नाही. हॉलमध्ये जन्मल्यामुळे मैदान लहान. बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर 90 फूट, इथे 60 फूट, म्हणजे 18.29 मीटर. डाव नऊऐवजी सातच. आणि सगळ्यात महत्त्वाचा फरक असा की बेसबॉलमध्ये रनर आधीच चार पावलं पुढे सरकून उभा राहू शकतो. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत पाय बेसवरच हवा. आधी सोडला की आउट. थोडक्यात, पळण्याचा संपूर्ण निर्णय चेंडू सुटल्यानंतरच्या क्षणात होतो.

आता जरा आपल्या पद्धतीने हिशोब करू. मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचिंगचं अंतर 43 फूट. पिचर पुढे पाऊल टाकून चेंडू सोडते, तेव्हा प्रत्यक्षात चेंडू साधारण 12 मीटर जातो असं धरा. कॉलेजच्या चांगल्या पिचरचा वेग समजा ताशी 72 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 20 मीटर. चेंडू कॅचरकडे पोचायला 0.6 सेकंद. होम ते सेकंड बेस हा चौकोनाचा कर्ण, म्हणजे जवळजवळ 26 मीटर. चेंडू ग्लोव्हमधून काढून तिथपर्यंत फेकायला कॅचरला समजा 2.2 सेकंद. वरून खाली आणून टॅग करायला 0.2. बेरीज तीन सेकंद. आणि फर्स्टवरून सेकंडपर्यंतचे 18.29 मीटर पळून स्लाइड मारायला चपळ मुलीला किती लागतात? तेही तीनच्या आसपास! म्हणजे सामना बरोबरीत. दशांश सेकंद इकडे की तिकडे, एवढाच प्रश्न. आणि पूर्ण वेगात पळणारी मुलगी दशांश सेकंदात पाऊण मीटरच्या आसपास अंतर कापते. सेफ आणि आउट यांच्यात जेमतेम एका हाताचं अंतर आहे.

यातली गंमत लक्षात घ्या. त्या तीन सेकंदांत बचाव करणाऱ्या संघाला चार गोष्टी अचूक कराव्या लागतात. कॅचरने चेंडू नीट घ्यायचा, सरळ फेकायचा, सेकंड बेसवर कोणीतरी वेळेत पोचायचं आणि टॅग खाली आणायचा. रनरला मात्र वेळेवर निघून पळायचं एवढंच असतं. आपल्या पातळीवरच्या सामन्यांत या चारपैकी एक तरी गोष्ट वारंवार चुकते. कॅचरचा थ्रो सेंटर फील्डला गेलेला आपण किती वेळा पाहिलाय? तरीही आपल्या मुली बेसवर पाय रोवून उभ्या. का?

कारण आउट झालं की ओरडा बसतो. एवढं साधं कारण आहे.

मागच्या विभागीय स्पर्धेतला एक प्रसंग सांगते. सातवा डाव, आम्ही एका रनने मागे, एक आउट, आणि तिसऱ्या बेसवर आमची सर्वांत वेगवान मुलगी. चेंडू कॅचरच्या समोर जमिनीवर आपटला आणि तिच्या पॅडला लागून चार-पाच मीटर बाजूला गडगडत गेला. होम मोकळं! आमची रनर दोन पावलं निघाली, बाकाकडे पाहिलं आणि परत फिरली. पुढच्या दोन बॅटर आउट झाल्या, आम्ही एका रनने हरलो. त्या दोघी बसमध्ये रडत होत्या. पण मुळात ती परत का फिरली? आदल्या सामन्यात ती असाच एक बेस घ्यायला गेली होती, अगदी थोडक्यात आउट झाली होती, आणि सगळ्या संघासमोर तिला 'कशाला पळालीस? तुला कोणी सांगितलं होतं?' असं झापलं गेलं होतं. मुलगी हुशार आहे, एकदाच धडा घेतला. रात्री मी स्कोअरबुक पाहिलं. शेवटचे दोन आउट व्यवस्थित लिहिलेले होते, नावानिशी. पण त्या मोकळ्या होमबद्दल एक अक्षर नाही. असणारच कसं? स्कोअरबुकात आउट दिसतो, न घेतलेला बेस दिसत नाही.

माझं म्हणणं एवढ्या एका वाक्यात आहे. जे दिसतं त्याची शिक्षा होते, जे दिसत नाही ते माफ असतं. मग कोण कशाला पळेल?

आता बेसबॉलमधल्या एका माणसाची गोष्ट. रिकी हेंडरसन. 1982 साली ओकलंडकडून खेळताना त्याने एका मोसमात 130 बेस चोरले. आधुनिक बेसबॉलमध्ये हा विक्रम आजही कोणी मोडलेला नाही. पण त्याच मोसमात तो 42 वेळा पकडला गेला, आणि एका मोसमात सर्वाधिक वेळा पकडलं जाण्याचा विक्रमही त्याचाच! पूर्ण कारकिर्दीत 1406 चोऱ्या आणि 335 वेळा आउट; हे दोन्ही आकडेही सर्वोच्च. आणि तिसरा आकडा, ज्यासाठी हा सगळा खटाटोप असतो, तो 2295 रनचा. तोही सर्वोच्च. आपल्या मैदानावर हेंडरसन असता तर बेचाळीस वेळा झापून घेऊन त्याने खेळ सोडला असता आणि गेटच्या तयारीला लागला असता.

बरं, पण आउट होण्याची किंमत असतेच ना? असते, आणि तीही मोजता येते. अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी पाहिल्या तर असं दिसतं: कोणी आउट नाही आणि रनर फर्स्टवर, तर त्या डावात पुढे सरासरी साधारण 0.85 रन होतात. तोच रनर सेकंडवर असेल तर साधारण 1.1. आणि तो पकडला गेला, म्हणजे एक आउट आणि बेस रिकामे, तर जेमतेम 0.25. म्हणजे यशस्वी चोरीचा फायदा पाव रनचा आणि फसल्याचा तोटा 0.6 रनचा. ना नफा ना तोटा कुठे? 0.6 भागिले 0.85, म्हणजे सुमारे 70 टक्के. दहापैकी सात वेळा सेफ होणार असाल तर पळणं परवडतं. आकडे बेसबॉलचे आहेत, ते आपल्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण पद्धत लागू होते. आणि या पद्धतीतून एक गोष्ट निघते, जी पहिल्यांदा पटत नाही. जी मुलगी दहापैकी दहा वेळा सेफ होते, ती कमी पळते आहे! तिने फक्त शंभर टक्के खात्रीच्याच संधी घेतल्या. ऐंशी टक्क्यांच्या सगळ्या सोडून दिल्या. त्या सोडलेल्या संधींमध्येच सामने हरले जातात.

'आक्रमक पळा' याचा अर्थ आंधळेपणाने पळा असा मात्र कोणी घेऊ नये. बेसबॉलमध्ये एक जुना नियम सांगतात: तिसऱ्या बेसवर डावातला पहिला किंवा तिसरा आउट होऊ नका. कारण सरळ आहे. कोणी आउट नसताना सेकंडवर उभ्या असलेल्या रनरला घरी यायला अजून तीन आउट शिल्लक आहेत, घाई कशाला? आणि दोन आउट असताना साध्या फटक्यावरही सेकंडवरून घरी येता येतं, मग थर्डसाठी जीव का द्यायचा? एक आउट असताना मात्र थर्डला मोल आहे, कारण तिथून उंच झेलावरही, झेल घेतल्याबरोबर निघून घरी येता येतं. तसंच, दहा रनने पुढे असताना बेस चोरत सुटणं ही आक्रमकता नव्हे, तो समोरच्याचा अपमान आहे. कधी पळायचं नाही हे ज्याला कळतं, त्यालाच कधी पळायचं ते कळतं. पण हे शिकवावं लागतं. 'पळ, पळ, पळ!' आणि 'थांब, थांब, थांब!' असं बाजूने ओरडणं म्हणजे शिकवणं नव्हे.

मग काय शिकवायचं? मला जे कळलंय ते सांगते.

पहिलं, चेंडू पडायच्या आधीचं. प्रत्येक पिचच्या आधी रनरने मनात तीन प्रश्न विचारायचे: आउट किती? माझ्या पुढे आणि मागे कोण आहे? चेंडू ज्यांच्याकडे जाईल त्यांचे हात किती पल्ल्याचे? समोरचा संघ वॉर्मअप करत असतो तेव्हा आपण वडापाव खात असतो. त्या दहा मिनिटांत लेफ्ट फील्डरचा थ्रो कुठवर येतो हे पाहून ठेवलं तर अर्धं काम झालं.

दुसरं, निघणं. चेंडू हातातून सुटलेला पाहून मग निघालात तर प्रतिक्रियेतच दोन दशांश सेकंद गेले. पिचरचा हात गोल फिरतो. त्या फिरण्याची लय पाठ करायची आणि हात मांडीपाशी येईल तेव्हा आपलं वजन पुढच्या पायावर आलेलं असलं पाहिजे. सुटणं आणि निघणं एकदमच. यासाठी रोज दहा वेळा निघायचा सराव पुरेसा आहे, पूर्ण पळायचीही गरज नाही.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात स्वस्त शस्त्र, म्हणजे खाली जाणारा चेंडू ओळखणं. पिच हवेत असतानाच कळतं की हा जमिनीवर आपटणार. आपटून उडेपर्यंत वाट पाहणारी रनर उशीर करते. खाली वळलेला चेंडू दिसताच निघणारी अर्धा बेस पुढे असते. तिसऱ्या बेसवरची आमची ती मुलगी, तिला फक्त हेच शिकवलेलं असतं तर? कॅचरला बसवा, पिचरला मध्येच चेंडू आपटायला सांगा, आणि पाच-सहा रनर एका रांगेत उभ्या करून कोण कधी निघतं ते पाहा. पंधरा मिनिटांचा खेळ आहे, मजाही येते.

चौथं, वळण. फटका मारून फर्स्टकडे जाताना बेसवर जाऊन थांबायचं असं आपण धरूनच चालतो. उलट हवं. मोकळा फटका असेल तर आधीच थोडा बाहेरून वळसा घेऊन, बेसचा आतला कोपरा दाबून सेकंडच्या दिशेने चार पावलं टाकायचीच. फील्डरने चेंडू साफ उचलला तर परत या, हातातून निसटला तर पुढे चला. पुढचा बेस माझाच आहे, नाही हे समोरच्याने सिद्ध करायचं!

पाचवं, निर्णय कोणाचा? चेंडू समोर दिसत असेल तर रनरचा. चेंडू पाठीमागे असेल तर थर्ड बेसजवळ उभ्या असलेल्या कोचचा. ही वाटणी एकदा पक्की झाली की मुली पळता पळता बाकाकडे वळून पाहणं बंद करतात. मान वळवली की वेग गेलाच.

आणि दोघींच्या मध्ये सापडलात तर? घाबरू नका. खो-खो खेळलेल्या मुलींना हुलकावणी शिकवावी लागत नाही. अशा वेळी फील्डिंग करणाऱ्यांचीच अवस्था 'धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं' अशी होते. त्यांनी जितके थ्रो जास्त केले तितकी चूक व्हायची शक्यता जास्त. तेवढ्यात तुमची दुसरी रनर एक बेस पुढे सरकलेली असते.

इथे क्रीडा विभागातले सर म्हणतील, 'आणि गुडघे फुटले म्हणजे? घरच्यांना उत्तर कोण देणार?' ही काळजी खरी आहे. आपलं मैदान मुरमाचं, त्यावर स्लाइड मारली की मांडीची सालं निघतात. पण दुखापत होते ती स्लाइड शिकवलेली नसते म्हणून. शेवटच्या क्षणी 'मारू की नको' करत अर्धवट पडल्यामुळे घोटा नाहीतर मनगट जातं. हॉस्टेलच्या स्टोअररूममध्ये जुन्या गाद्या धूळ खात पडल्या आहेत. त्यांवर शिका. पावसाळ्यात गवतावर ताडपत्री अंथरून बादलीभर पाणी ओता, त्यावर शिका. एक पाय सरळ, दुसरा त्याखाली दुमडलेला, हनुवटी छातीला, दोन्ही हात वर. हात जमिनीला टेकवायचे नाहीत. डोकं पुढे करून सूर मारायला तर कॉलेजच्या संघात बंदीच असावी. आणि मैदानावर लांब पँट किंवा मांडी झाकणारी जाड चड्डी घातल्याशिवाय सराव नाही. एवढं केलं तर घरी फोन करायची वेळ सहसा येणार नाही.

दुसरी शंका अशी की, 'हे सगळं वेगवान मुलींसाठी, बाकीच्यांचं काय?' बाकीच्यांसाठीच तर हे जास्त आहे! आपल्याकडे बहुतेक मुली अठराव्या वर्षी पहिल्यांदा बॅट हातात घेतात. फटका बसायला दोन वर्षं जातात, तोवर सातवी सेमिस्टर येते आणि कॅम्पस इंटरव्ह्यू सुरू होतात. पण चेंडू खाली जातोय हे ओळखायला महिना पुरतो. कॅचर सवयीने पिचरकडे सावकाश चेंडू परत टाकते हे हेरून त्या क्षणी निघणं, यालाही फार वेग लागत नाही, डोळे लागतात. चांगल्या बॅटची किंमत आपल्या मेसच्या कित्येक महिन्यांच्या बिलाएवढी असते. पळायला शिकवायला एक स्टॉपवॉच आणि दोन गाद्या लागतात. कमी पैसे, कमी वेळ आणि नवख्या मुली, अशा संघाने पळण्यावर भर द्यावा की बॅटिंगवर? मोठे संघही पायांना कमी लेखत नाहीत. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या अमेरिकन संघाची नताशा वॉटली आठवा. डाव्या बाजूने उभं राहून, पळता पळताच चेंडूला टप्पल मारून फर्स्ट गाठण्यासाठी ती ओळखली जायची. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल पुन्हा येतोय, तेव्हा फक्त होमरन पाहू नका, रनरच्या पायांकडेही पाहा.

शेवटी तीन मागण्या. एक, रोजच्या सरावातली वीस मिनिटं फक्त बेस-रनिंगसाठी ठेवावीत, आणि ती शेवटी नव्हे तर सुरुवातीला, पाय ताजे असताना. दोन, स्कोअरबुकाच्या मागच्या पानावर एक नवा रकाना आखावा: 'न घेतलेला बेस'. बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूने त्यात प्रत्येक सोडलेली संधी लिहावी. समोर निकालाचा नाही, निर्णयाचा शेरा द्यावा: बरोबर की चूक. बरोबर निर्णय घेऊन आउट झालेली आणि चुकीचा निर्णय घेऊन नशिबाने वाचलेली, या दोघींमध्ये कोणाचं कौतुक करायचं हे त्या पानावरून ठरावं.

आणि तिसरी मागणी कोच आणि सीनियर मंडळींना, हात जोडून. आउट होऊन परत आलेल्या मुलीला 'कशाला पळालीस?' असं विचारू नका. 'काय दिसलं तुला?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला उत्तर नसतं, मुलगी मान खाली घालते आणि पुढच्या वेळी बेस सोडत नाही. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर असतं: 'थ्रो उंच वाटला', 'तिची पाठ होती', 'चेंडू खाली जाताना दिसला'. त्या उत्तरात चूक असेल तर ती तिथल्या तिथे दुरुस्त करता येते. आणि चूक नसेल तर तिला एवढंच सांगा, की पुढच्या वेळी असंच दिसलं तर पुन्हा पळ.